मुक्कामी गाडीचा डबा

शेजाऱ्यांच्या मुलीला गुलबर्ग्याला प्रवेश मिळाला तेव्हा ती वही घेऊन माझ्याकडं आली. मुलगी पुण्यात वाढलेली. गुलबर्ग्यात ऊन किती, पाणी किती, माणसं कशी, हे तिच्या आईनं मला आधीच चार वेळा विचारून झालं होतं. मुलीचा प्रश्न मात्र सरळ होता. काका, तुम्ही तिथं शिकलात, तर जेवायला चांगलं कुठं मिळतं तेवढं लिहून द्या.

मी दुसऱ्या दिवशी ये म्हणालो. एवढ्याशा यादीला एक दिवस कशाला, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिला काय सांगणार? ती यादी मी पूर्वी एकदाच तोंडी सांगितली होती, आणि जिला सांगितली ती त्यातल्या एकाही जागी कधी जेवली नव्हती.

आमचं गाव दुबलगुंडी, हुमनाबादच्या जवळ. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांच्या वाटणीला कोरडवाहू जमिनीचे दोन तुकडे आले आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या रानातलं काम. मला मोठा भाऊ होता, सहा वर्षांनी मोठा. नव्वदीनंतर हैदराबादेत इमारतींची कामं जोरात निघाली, तेव्हा गावातली पोरं जथ्यानं तिकडं जायला लागली. तोही गेला. दिवसभर सिमेंटची घमेली, रस्त्यावरचं खाणं आणि बांधकामाच्या टाकीतलं पाणी. वर्षभरात कावीळ झाली. त्याला गावी आणला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. आठव्या दिवशी तो गेला.

त्यानंतर माझी माय कुणाचीही खुशाली विचारताना आधी तिथलं पाणी कसं आहे हे विचारायची. लोक हसायचे. मीही हसलेलो आहे, ते लपवत नाही.

चार वर्षांनी मी एम.ए.ला गुलबर्ग्याच्या विद्यापीठात जायला निघालो, तेव्हा तिनं एकच अट घातली. अन्न घरचं खायचं. आता साठ-सत्तर किलोमीटरवरून घरचं अन्न कसं येणार, असं पुण्यातल्या माणसाला वाटेल. पण आमच्या भागात ही रीतच होती. गावात रात्री एक मुक्कामी गाडी यायची आणि सकाळी हुमनाबादवरून गुलबर्ग्याला जायची. ज्यांची पोरं शहरात शिकायला, त्या आया पहाटे भाकरी थापून डबे भरायच्या आणि कंडक्टरकडं द्यायच्या. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग लागायची. प्रत्येक डब्याला ओळखीची चिंधी. आमच्या डब्याला वडिलांच्या जुन्या पटक्याची लाल पट्टी होती. संध्याकाळी तीच गाडी परतताना रिकामे डबे घेऊन जायची. याचे पैसे कुणी देत नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं.

गुलबर्ग्याच्या बसस्टँडवर एका बाकड्यापाशी हे डबे उतरवले जायचे. तिथं एक म्हातारे बसायचे. शहरातली कापड गिरणी बंद पडल्यावर घरी बसवलेल्या कामगारांपैकी ते एक. बायको नव्हती, मुलगा मुंबईकडं गेला तो गेलाच. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडात एकही दात नाही. डबे गावागावांप्रमाणे लावून ठेवायचे, कुत्र्या-माकडांपासून राखायचे, पोरं आली की ज्याचा त्याला द्यायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, आणि ते आम्हा सगळ्यांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पोरं त्यांना घासातला घास द्यायची, त्यावर त्यांचं चालायचं.

पहिले तीन महिने मी इमानदारीत डबा घेतला. मग एक दिवस बाकड्यावर बसून पट्टी सोडत होतो, तर वर्गातले दोघं समोरून आले. चांगले कपडे, चांगल्या घरचे. त्यातला एक म्हणाला, गावाकडून पार्सल आलं वाटतं. एवढंच म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण मला अशी लाज वाटली की मी पट्टी परत बांधून टाकली. आजही त्या लाजेची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना सांगितलं, मला तास आहेत, विद्यापीठ गावाच्या त्या टोकाला, रोज येणं जमत नाही. डबा तुम्हीच खा. त्यांनी लाल पट्टीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग विचारलं, "तम्मा, तुझ्या मायला ठाऊक हाय का?"

मी व्हय म्हणालो. मान हलवायलासुद्धा वेळ लावला नाही.

आणि मग मी गुलबर्गा खायला निघालो. शिष्यवृत्ती होती, एका व्यापाऱ्याच्या दोन मुलांची शिकवणी धरली होती. बाजारामागच्या बोळात एका अक्काची खाणावळ होती, पाटीसुद्धा नव्हती. जमिनीवर बसायचं. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, तेल सुटलेली भरली वांगी, कच्चा कांदा, आणि शेंगांची चटणी दह्यात कालवून. अक्का भाकरी वाढताना विचारायची नाही, नको म्हटलं तर ऐकायची नाही. सकाळी लवकर उठलो तर दर्ग्याच्या बाजूला तहारी. पिवळाधमक मसालेभात, वर चिंचेचा पातळ कट. हमाल, रिक्षावाले आणि आम्ही विद्यार्थी एकाच बाकावर. संध्याकाळी तळ्याच्या काठी सुसला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट चिवडाच म्हणा, आणि सोबत मिरची भजी. महिनाअखेरीला हात आखडला की देवळातला दासोह, म्हणजे तिथलं फुकटचं अन्नदान. तिथं कोण कुठला कुणी विचारत नाही, गव्हाची खीर असेल त्या दिवशी तर पोट फुटेपर्यंत वाढतात. विद्यापीठाच्या कँटीनबद्दल मी काही बोलणार नाही. तिथल्या उप्पीटानं भिंत लिंपता आली असती.

गावी जायचो तेव्हाही माझं तेच. हुमनाबादला हायवेवर उतरायचं, लॉरीवाल्यांच्या ढाब्यावर डाळ आणि तंदुरी रोटी हाणायची, आणि मग घरी जाऊन माय ताट मांडायला लागली की भूक न्हाई म्हणायचं. ती ताट तसंच झाकून ठेवायची.

डबा कसा होता ते ती प्रत्येक वेळी विचारायची आणि मी प्रत्येक वेळी मस्त म्हणायचो. एकदा तिनं विचारलं, सोमवारची शेंगाची चटणी लई तिखट झाली व्हती का? मी म्हणालो, थोडी झाली होती, पण चालतं. तिनं मान डोलावली आणि चुलीत काटकी सारली.  मला वाटलं, चला, निभावलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी न खाता खवखवत होतो, आणि स्वतःला मोठा हुशार समजत होतो.

दुसऱ्या वर्षी कधीतरी मी सहज बसस्टँडवर गेलो होतो. अप्पा आमचा डबा उघडत होते. आत ज्वारीच्या कण्या होत्या, ताकातल्या, मऊ. शेजारच्या छोट्या डबीत भाकरीचा दुधातला कुस्करा. मला रागच आला. माझ्यासाठी पाठवलेला डबा मी खात नव्हतो, तरी त्यात भाकरी का नाही याचा राग. पुढच्या खेपेला घरी गेल्यावर मी मायला म्हणालो, हे आजाऱ्याचं जेवण कामून पाठवायलीस? तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, खाणाराला सोपं जातं. मला वाटलं, तिचे हात दुखत असतील, भाकरी थापवत नसतील, आणि सांगायला नको म्हणून काहीतरी बोलली.

मग एम.ए. झालं. पुण्यात नोकरी लागली. आमच्याकडची निम्मी पोरं तोवर पुण्यात नाहीतर हैदराबादेत होती, त्यांत मी एक. लग्न, भाड्याची घरं, मग हप्त्याचं घर. डब्याचा विषय संपला होता, निदान माझ्यापुरता.

दहा-बारा वर्षांनी माय आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, आणि ते बरं होण्यातलं नव्हतं. तिला गुलबर्ग्याच्याच एका दवाखान्यात ठेवलं. मी रजा काढून आलो. बाहेरचं अन्न ती तोंडात घेईना. दवाखान्यातली पेज परत, मी हॉटेलातून आणलेली खिचडीही परत. शेवटी गावाकडून वडिलांनी कण्या शिजवून पाठवायला सुरुवात केली. त्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. त्याच मुक्कामी गाडीनं, त्याच डब्यात, लाल पट्टी विटून गुलाबी झालेली.

मी रोज सकाळी बसस्टँडवर जायचो. बाकडं राहिलं नव्हतं. डबेही आता दोन-तीनच असायचे, पोरांना हॉस्टेल होती, मेस होत्या. कंडक्टर खिडकीतूनच हातात द्यायचा. अप्पांबद्दल चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, लई वर्सं झाली. वारले की मुलानं नेलं, त्याला नीट सांगता आलं नाही.

एका दुपारी तिला थोडं बरं वाटत होतं. मी डबा उघडला, वाटीत कण्या काढल्या, चमचा हातात दिला. तिनं तो धरून ठेवला आणि म्हणाली, "एक विचारू का? तवा तू जेवायलतास कुठं?"

कधी, म्हणून मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"शिकायलतास तवा. डबा तर तो म्हातारा खायलता."

माझ्या हातातलं झाकण मी कुठं ठेवलं ते मला आठवत नाही. ती मात्र शांतपणे, दम खात खात, सांगत राहिली. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं होतं. मी डबा कधी धुवून पाठवला नव्हता, तो आता लख्ख येऊ लागला. अप्पा जेवून झालं की डब्यात पाणी घालून, बोटानं फिरवून, ते पाणी पिऊन टाकायचे. त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, प्रसादाचा कणही वाया घालवत नाहीत. मग डब्यातून रोज चार फुटाणे यायला लागले. डबा रिकामा परत पाठवू नये, हे तिनं मला हजारदा सांगितलं होतं आणि मी एकदाही केलं नव्हतं. कुठल्याशा देवळातले फुटाणे असायचे. जे त्यांना स्वतःला चावता येत नव्हते तेच ते पाठवायचे. आणि फडक्यात नीट गुंडाळून भाकरीच्या कडा. चावलेल्या नाहीत, जेवायच्या आधीच हातानं मोडून बाजूला काढलेल्या, उष्ट्या न केलेल्या. दुपारपर्यंत भाकरीची कड वाळते. ज्याला ती खाता येत नव्हती त्यानं ती फेकली नाही, घरच्या जनावरांना होईल म्हणून परत पाठवली. असलं शहाणपण माझ्या लेकराला कुठलं, असं तिच्या मनात आलं म्हणे.

मग एकदा ती स्वतः आली होती. डबा मांडीवर घेऊन, मुक्कामी गाडीनं. गाडीतून उतरायच्या आधी तिनं तो कंडक्टरच्या हातात दिला आणि समोरच्या खांबाआड बसली. मी येतो का बघत होती. मी आलो नाही. त्या वेळी मी बहुधा अक्काच्या खाणावळीत असेन, नाहीतर कँटीनमध्ये शिव्या देत असेन. बारा वाजता अप्पांनी हात धुतले, कडा मोडून फडक्यात ठेवल्या, उरलेली भाकरी भाजीच्या पाण्यात भिजवून हळूहळू खाल्ली. खाण्याआधी डब्याला हात जोडले. ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली आणि त्याच गाडीनं परत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कण्या पाठवायला सुरुवात केली.

मी विचारलं, मला बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तू लाजून रोज गेला असतास. आन् त्या म्हाताऱ्याचं बंद झालं असतं."

अप्पांना वाटत होतं की तिनंच परवानगी दिली आहे. ती फुटाणे हातात घेऊन त्यांचे आभार ओळखत होती. दोन म्हातारी माणसं दीड वर्ष एकमेकांशी डब्यातून बोलत होती, एकमेकांचं नाव माहीत नसताना, आणि मधे मी दोघांशी खोटं बोलणारा. मला वाटलं की तिनं मला रागवावं. ती रागावलेली नव्हती. तिला फक्त ते एक विचारायचं होतं. एक पोरगं बाहेरचं खाऊन गेलं होतं, दुसरं काय खातंय, कुठं खातंय, हे तिला दीड वर्ष कळत नव्हतं, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षं तिनं ते पोटात ठेवलं. तरी रोज पहाटे उठून ती दुसऱ्या कुणासाठी कण्या शिजवत होती.

म्हणून मी तिला सांगितलं. एकेक जागा. अक्काची खाणावळ सांगितली तर ती म्हणाली, "पाणी कसं व्हतं तिथं?" मी म्हणालो, कोपऱ्यात रांजण, त्याला फडकं बांधलेलं, अक्का स्वतः विहिरीचं आणायची. तिनं मान हलवली, पुढं सांग म्हणून. तहारीची जागा. पाणी? तिथं मी पाणी पीत नव्हतो, वर चहा घ्यायचो, असं सांगितलं. ते खरं होतं. तळ्याकाठचा सुसला. पाणी? तिथलं बरं नव्हतं.  दासोह सांगितला तर तिला समाधान झालं, देवाच्या दारी खाल्लेलं बाधत नाही असं तिचं मत होतं. हुमनाबादचा ढाबा मात्र मी गाळणार होतो. मग म्हटलं, आता कशाला. तोही सांगितला. घरी येताना पोटभर जेवून यायचो हे सांगितलं.

"ते ठाऊक हाय," ती म्हणाली. "हाताला डाळीचा वास यायचा."

यादी संपली. मी चमचा पुढं केला, तर तिनं तोंड फिरवलं आणि आज तू काय खाल्लंस ते विचारलं. मी जेवलोय म्हणालो. काय, म्हणून तिनं विचारलं.  सकाळपासून एक चहा सोडून पोटात काही नव्हतं, आणि इतक्या वर्षांत खोटं बोलण्याचा सरावही गेला होता.

तिनं वाटी माझ्याकडं सरकवली. "खा. माझ्यासमोर खा."

वडिलांच्या हातच्या कण्या. मीठ जास्त, तळाला लागलेल्या. मी पलंगाशेजारी खाली बसून सगळ्या खाल्ल्या. ती कुशीवर वळून बघत होती. माझा घास तोंडात जाताना तिचेही ओठ हलत होते, लहान मुलाला भरवताना बायकांचे हलतात तसे. वाटी रिकामी झाल्यावर मी तीत पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि पिऊन टाकलं. मग रडलो. ती म्हणाली, पोट भरलं न्हवं? आणि झोपली.

त्या संध्याकाळी मी डबा धुतला. बाजारातून फुटाणे आणून त्यात चार टाकले आणि कंडक्टरकडं दिला. वडिलांनी ते बघून काय समजलं असेल मला ठाऊक नाही. त्यांनी कधी विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी मायला गावी नेलं आणि ती तिथंच गेली.

शेजाऱ्यांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी पान भरून यादी दिली. बऱ्याच जागा आता नसतील, हे सांगितलं. अक्काची खाणावळ तिची सून चालवते, ती मी पाहून आलो होतो. मुलीनं कागद वाचला आणि विचारलं, काका, प्रत्येक जागेपुढं पाण्याचं का लिहिलंय? बाटली घेता येते की.

मी म्हणालो, राहू दे, असू दे लिहिलेलं. आणि रोज काय जेवलीस ते आईला कळवत जा. काहीही खा, पण खरं सांग.